अणुगुच्छांची संरचना व यंत्र-अध्ययन

दोन-तीनपासून काही हजारांपर्यंत अणू एकमेकांशी बद्ध होऊन जो समूह बनतो, त्यास अणुगुच्छ किंवा क्लस्टर असे म्हणतात. गुच्छातील अणू अवकाशात कोणत्या मांडणीने स्थिर होतील, हे प्रयोगापूर्वी गणिताने ठरविणे म्हणजे त्याच्या संरचनेचे भाकीत करणे होय. हे गणित पुंजयामिकीच्या नियमांवर आधारलेले असून ते अतिशय वेळखाऊ आहे. पूर्वी केलेल्या गणितांच्या उत्तरांवरून नव्या मांडणीच्या ऊर्जेचा अंदाज संगणकालाच बांधावयास शिकविण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विकसित होत गेली, ती यंत्र-अध्ययन किंवा मशीन लर्निंग या नावाने ओळखली जाते. अणुगुच्छांच्या अभ्यासात या पद्धतीचा उपयोग कसा होतो, तिने काय साधले व तिच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

अणुगुच्छांचे वैशिष्ट्य : अणुगुच्छ हा एकेरी रेणू व घन पदार्थ यांच्या मधला दुवा आहे. तांब्याच्या तारेतून एक अणू काढून घेतला, तरी तारेच्या गुणधर्मांत काहीही फरक पडत नाही. परंतु वीस अणूंच्या गुच्छातून एक अणू काढल्यास त्याचा आकार, स्थैर्य, रासायनिक क्रियाशीलता आणि चुंबकीय गुणधर्म ही सर्व बदलू शकतात. याचे एक कारण असे की, गुच्छातील बहुसंख्य अणू पृष्ठभागावर असतात. १३ अणूंच्या विंशतिफलकाकृती गुच्छात १२, ५५ अणूंच्या गुच्छात ४२ आणि १४७ अणूंच्या गुच्छात ९२ अणू पृष्ठभागी असतात. पृष्ठभागावरील अणूंना शेजारी कमी असल्याने त्यांचे बंध अपुरे राहतात व बाहेरील रेणूंशी ते सहज विक्रिया करतात. सोने हा धातू ठोकळ्याच्या स्वरूपात रासायनिक दृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय असतो. तथापि ऑक्साइडाच्या आधारावर पसरविलेले त्याचे अतिसूक्ष्म कण कार्बन मोनॉक्साइडाचे ऑक्सिडीकरण नीच तापमानालाही घडवून आणतात, असे जपानी रसायनशास्त्रज्ञ मासाताके हारुता व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. असे उत्प्रेरक कसे कार्य करतात हे समजण्यासाठी प्रथम कणातील अणूंची मांडणी माहीत असणे आवश्यक असते.

जादुई संख्या : अणूंच्या काही ठराविक संख्यांचे गुच्छ इतरांपेक्षा अधिक स्थिर असतात. द्रव्यमान वर्णपटात त्यांची शिखरे ठळकपणे उठून दिसतात. या संख्यांना जादुई संख्या म्हणतात. ओ. एख्ट, के. सॅटलर व ई. रेक्नागेल यांना १९८१ मध्ये झेनॉनाच्या गुच्छांत १३, ५५ व १४७ इ. संख्यांची शिखरे आढळली. या संख्यांचे स्पष्टीकरण भूमितीतून मिळते. एका मध्यवर्ती अणूभोवती विंशतिफलकाच्या आकाराची एकावर एक पूर्ण कवचे रचत गेल्यास अणूंची एकूण संख्या अनुक्रमे १३, ५५, १४७, ३०९ अशी वाढत जाते. ही रचना ब्रिटिश स्फटिकवैज्ञानिक ॲलन मॅके यांनी १९६२ मध्ये मांडली होती. विंशतिफलकास पंचमिती सममिती असल्यामुळे ती रचना नियमित स्फटिकात संपूर्ण अवकाश व्यापून पुनरावृत्त होऊ शकत नाही. लहान गुच्छावर मात्र असे बंधन नसते.

डब्ल्यू. डी. नाइट व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये बर्कली येथे सोडियमाच्या गुच्छांवर केलेल्या प्रयोगांत ८, २०, ४०, ५८ व ९२ या संख्या मिळाल्या. त्यांचे कारण मात्र भौमितिक नसून इलेक्ट्रॉनीय आहे. प्रत्येक सोडियम अणूचा एक मुक्त इलेक्ट्रॉन संपूर्ण गुच्छात संचार करतो आणि या इलेक्ट्रॉनांची कवचे पूर्ण भरली की, गुच्छास विशेष स्थैर्य येते. पुढील वर्षी, म्हणजे १९८५ मध्ये, हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल व रिचर्ड स्मॉली यांना कार्बनाच्या ६० अणूंचा पोकळ गोलाकार गुच्छ आढळला. या शोधाबद्दल त्यांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या तिन्ही उदाहरणांवरून असे दिसते की, संरचना ठरविणारा असा कोणताही एकच सोपा नियम नाही. ती काही गुच्छांत भूमितीने, काहींत इलेक्ट्रॉनांच्या संख्येने, तर काहींत बंधांच्या दिशेने ठरते.

प्रयोगातील अडचण : वायुरूपातील गुच्छाची अणूअणूची मांडणी प्रत्यक्ष पाहता येत नाही. स्फटिकांसाठी वापरात असलेली क्ष-किरण विवर्तनाची पद्धत येथे उपयोगी पडत नाही. कारण निर्वातातील गुच्छांच्या शलाकेत अणू फार विरळ असतात. म्हणून गुच्छाच्या ऋण आयनातून प्रकाशाने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, विरल वायूतून जाताना आयनास होणारा विरोध, अवरक्त किरणांचे शोषण यांसारख्या अप्रत्यक्ष खुणा मोजतात. नंतर विविध कल्पित मांडण्यांसाठी याच खुणांचे गणित करून त्यांपैकी कोणती मांडणी प्रयोगाशी जुळते, ते पाहतात. कल्पित मांडण्यांच्या यादीतून खरी मांडणीच राहून गेली असेल, तर प्रयोग कितीही अचूक असला, तरी निष्कर्ष चुकतो. म्हणूनच संरचनेचे भाकीत ही केवळ सैद्धांतिक जिज्ञासेची बाब नसून प्रयोगाचा अर्थ लावण्याचे ते एक आवश्यक अंग आहे.

ऊर्जा पृष्ठ व त्यावरील शोध : ‘न’ अणूंच्या गुच्छाची मांडणी निश्चित करण्यासाठी (३न – ६) राशी द्याव्या लागतात. संपूर्ण गुच्छाचे स्थानांतरण व परिभ्रमण यांच्या सहा राशी वगळल्यामुळे ही संख्या मिळते. प्रत्येक मांडणीस एक स्थितिज ऊर्जा असते. सर्व मांडण्यांच्या ऊर्जा एकत्र कल्पिल्यास डोंगरदऱ्यांच्या प्रदेशासारखे एक बहुमितीय पृष्ठ तयार होते. दरीचा तळ म्हणजे एक स्थिर किंवा अर्धस्थिर मांडणी होय; त्यास स्थानिक किमान म्हणतात. सर्वांत खोल दरीच्या तळास सर्वंकष किमान असे म्हणतात. अतिशय नीच तापमानास गुच्छ समतोलात असल्यास तो याच मांडणीत सापडावयास हवा.

दऱ्यांची संख्या अणूंच्या संख्येबरोबर अतिशय वेगाने वाढते. अक्रिय वायूंच्या अणूंमधील आकर्षण व प्रतिसारण दर्शविणारे लेनर्ड-जोन्स यांचे साधे सूत्र वापरले, तरी १३ अणूंच्या गुच्छास सुमारे दीड हजार स्थानिक किमाने असतात. एल. टी. विले व जे. व्हेनिक यांनी १९८५ मध्ये असे दाखविले की, गणनेच्या दृष्टीने ही समस्या कठीण समस्यांच्या ज्या वर्गात मोडते, त्या वर्गातील समस्यांसाठी खात्रीने व शीघ्र उत्तर देणारी सर्वसाधारण रीती ज्ञात नाही.

लेनर्ड-जोन्स सूत्राने बद्ध झालेल्या ३८ अणूंच्या गुच्छाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. १३ अणूंच्या विंशतिफलकात एकमेकांस लागून असलेल्या अणूंच्या जोड्या ४२ असतात, तर घन स्फटिकातून कापलेल्या १३ अणूंच्या तशाच गुच्छात त्या ३६ भरतात. त्यामुळे लहान गुच्छ विंशतिफलकाच्या वळणाचे असतात, हे समजण्यासारखे आहे. याच धाटणीच्या रचनांचा शोध घेऊन जे. ए. नॉर्थबी यांनी १९८७ मध्ये १३ ते १४७ अणूंच्या गुच्छांच्या सर्वांत कमी ऊर्जांचे कोष्टक तयार केले. ३८ अणूंच्या गुच्छासाठी मात्र सर्वांत स्थिर मांडणी विंशतिफलकाच्या धाटणीची नसून ती फलककेंद्रित घन स्फटिकातून कापलेल्या छिन्न अष्टफलकाची आहे, असे १९९० नंतरच्या दशकात आढळून आले. दोन अणूंमधील बंधाची ऊर्जा एक मानल्यास छिन्न अष्टफलकाची ऊर्जा –१७३·९२८, तर विंशतिफलकी धाटणीच्या सर्वोत्तम मांडणीची –१७३·२५२ भरते. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. शिवाय विंशतिफलकी मांडण्यांची दरी रुंद व अष्टफलकाची दरी अरुंद असल्याने शोध घेणारी रीती बहुधा पहिल्या दरीतच अडकून पडते. ज्या कुळातील रचना परिचित आहेत त्याच कुळात शोध घेतला, तर खरे उत्तर हाती लागत नाही, हा धडा या उदाहरणाने दिला. यंत्र-अध्ययनाच्या संदर्भातही तो तितकाच लागू पडतो.

शोधाच्या रीती : खात्रीची रीती उपलब्ध नसल्याने यदृच्छेवर आधारलेल्या रीती वापरात आल्या. एस. कर्कपॅट्रिक, सी. डी. गेलाट व एम. पी. वेक्की यांनी १९८३ मध्ये सुचविलेल्या रीतीत धातूच्या अनुशीतनाप्रमाणे संगणकातील गुच्छ प्रथम तापवून नंतर सावकाश थंड करतात. डी. एम. डीव्हन व के. एम. हो यांनी १९९५ मध्ये आनुवंशिक रीती वापरली. तीत दोन चांगल्या मांडण्यांचे प्रत्येकी दोन भाग करून एकीचा अर्धा भाग दुसरीच्या अर्ध्या भागास जोडतात व या ‘अपत्यां’पैकी कमी ऊर्जेची तेवढी पुढील पिढीसाठी ठेवतात. डेव्हिड वेल्स व जोनाथन डॉय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्रोणी-उड्डाण पद्धतीत अणूंना यदृच्छया हलवून प्रत्येक वेळी गुच्छास जवळच्या दरीच्या तळाशी नेतात व त्या तळांच्या ऊर्जांचीच तुलना करतात. या पद्धतीने ११० अणूंपर्यंतच्या लेनर्ड-जोन्स गुच्छांची ज्ञात किमाने मिळाली; त्यांत ३८ अणूंचा छिन्न अष्टफलकही होता.

या सर्व रीतींत ऊर्जेचे गणित हजारो किंवा लाखो वेळा करावे लागते. लेनर्ड-जोन्स सूत्रासाठी ते क्षणार्धात होते. परंतु सोने, सिलिकॉन किंवा बोरॉन यांच्या गुच्छांतील बंधांचे वर्णन अशा सूत्राने होत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनांचा विचार करावा लागतो. पी. होहेनबर्ग, वॉल्टर कोन व एल. जे. शाम यांनी १९६४ आणि १९६५ मध्ये मांडलेला घनता-फलनक सिद्धांत याकरिता सर्वाधिक वापरला जातो. कोन यांना या कार्याबद्दल १९९८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. या सिद्धांताच्या नेहमीच्या स्वरूपात गणनेचा वेळ अणूंच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अणूंची संख्या दुप्पट झाल्यास वेळ सुमारे आठपट होतो. अचूक गणित सावकाश होते व शीघ्र गणित अचूक नसते, ही ती कोंडी होय. ती फोडण्यासाठी यंत्र-अध्ययनाचा आश्रय घेण्यात आला [⟶ पुंजयामिकी].

यंत्र-अध्ययनाचे तत्त्व : प्रयोगात मिळालेल्या काही बिंदूंमधून वक्र काढून मधल्या बिंदूंचे मूल्य अजमावणे ही परिचित गोष्ट आहे. यंत्र-अध्ययनाचे तत्त्व मूलतः हेच आहे. फरक एवढाच की, येथे राशींची संख्या फार मोठी असते व वक्राचे सूत्र आगाऊ ठाऊक नसते. प्रथम काही शेकडा ते काही हजार मांडण्यांच्या ऊर्जा आणि अणूंवरील प्रेरणा पुंजयामिकीने काढतात. हा शिक्षण-संच होय. नंतर अनेक बदलत्या गुणांकांचे एक लवचिक गणितीय फलन घेऊन त्याची उत्तरे शिक्षण-संचातील उत्तरांशी जास्तीत जास्त जुळतील अशा रीतीने गुणांक ठरवितात. संचात न घेतलेल्या काही मांडण्यांवर फलनाची परीक्षा घेतात. ते उत्तीर्ण झाल्यास पुढील शोधात पुंजयामिकीच्या गणिताऐवजी हे फलन वापरतात. त्याचा वेग मूळ गणिताच्या हजारो पट असू शकतो. फलनाचे दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत. पहिल्या प्रकारास तंत्रिका-जाल म्हणतात. त्यात साध्या अरेषीय क्रियांचे अनेक थर एकापुढे एक जोडलेले असतात. दुसऱ्या प्रकारात नवी मांडणी शिक्षण-संचातील कोणत्या मांडणीशी किती सदृश आहे, हे मोजून त्या प्रमाणात ज्ञात उत्तरांचा भारित मेळ घालतात. गौसीय प्रक्रियेवर आधारलेली पद्धत या प्रकारची आहे.

मांडणीचे वर्णन : अणूंचे सहनिर्देशक जसेच्या तसे फलनास देऊन चालत नाही. गुच्छ फिरविला वा सरकविला, तर सर्व सहनिर्देशक बदलतात, पण ऊर्जा तीच राहते. एकाच मूलद्रव्याच्या दोन अणूंची अदलाबदल केली, तरीही ऊर्जा बदलत नाही. ही सममिती फलनाच्या रचनेतच अंतर्भूत नसेल, तर एकच गोष्ट यंत्राला असंख्य वेळा शिकवावी लागेल. टी. बी. ब्लँक इत्यादींनी १९९५ मध्ये पृष्ठभागावरील रेणूंच्या ऊर्जेसाठी तंत्रिका-जाल वापरले होते. परंतु अशी जाले थोड्या राशींपुरती मर्यादित होती. यॉर्ग बेहलर व मिकेले पारिनेल्लो यांनी २००७ मध्ये या अडचणीवर तोडगा काढला. त्यांनी एकूण ऊर्जा ही प्रत्येक अणूच्या वाट्यास येणाऱ्या ऊर्जांची बेरीज आहे, असे मानले. अणूची ऊर्जा ही काही ठराविक अंतराच्या आतील शेजाऱ्यांवर अवलंबून असते आणि हे शेजारी किती अंतरावर व परस्परांशी किती कोन करून आहेत, ते सममिती-फलने नावाच्या संख्यांनी व्यक्त करता येते. एका मूलद्रव्याच्या सर्व अणूंसाठी जाल एकच असल्याने लहान गुच्छांवर शिकलेले जाल मोठ्या गुच्छांसाठीही वापरता येते. मूळ उदाहरण घनरूप व द्रवरूप सिलिकॉनाचे होते. परंतु ही कल्पना लवकरच गुच्छांनाही लावण्यात आली.

आल्बर्ट बार्तोक, माइक पेन, रिसी कोंडोर व गाबोर चानी यांनी २०१० मध्ये गौसीय प्रक्रियेवर आधारलेली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे वर्णनासाठीच्या संख्या माणसाने न ठरविता त्याही यंत्रानेच शोधाव्यात, अशी जाले निघाली. के. टी. शुट इत्यादींचे २०१७ चे ‘श्नेट’ हे त्यांपैकी एक होय. त्यानंतरच्या काही जालांत अणूंमधील दिशांची माहितीही गुच्छाबरोबर फिरणाऱ्या राशींच्या रूपाने बाळगली जाते. अशा जालांना समान अचूकतेसाठी शिक्षण-संच पुष्कळ लहान पुरतो, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामांतून दिसून आले.

शोध व अध्ययन यांची सांगड : शिक्षण-संच आगाऊ कसा निवडावा, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या दऱ्या अजून सापडलेल्याच नाहीत, त्यांतील मांडण्या संचात असण्याचा संभव नसतो. म्हणून अलीकडे शोध व अध्ययन एकत्र चालवितात. थोड्या यादृच्छिक मांडण्यांवर फलन शिकवून त्याच्या साहाय्याने शोध सुरू करतात. शोधात मिळालेल्या ज्या मांडण्या आशादायक वाटतात, किंवा ज्यांच्याविषयी फलन स्वतःच साशंक असते, तेवढ्यांचेच पुंजयामिकीने गणित करतात व त्या संचात घालून फलन पुन्हा शिकवितात. फलन साशंक आहे की नाही, हे ओळखण्यासाठी स्वतंत्रपणे शिकविलेल्या अनेक जालांची उत्तरे ताडून पाहतात; त्यांच्यात मतभेद आढळल्यास ती मांडणी अपरिचित समजतात. गौसीय प्रक्रियेत उत्तराबरोबरच त्याची अनिश्चितताही मिळते. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठातील एम. के. बिस्बो व ब्यॉर्क हॅमर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत भाकीत केलेली ऊर्जा व अनिश्चितता या दोन्हींचा विचार करून पुढील मांडणी निवडतात. त्यामुळे पुंजयामिकीय गणितांची संख्या पुष्कळच कमी होते.

सोन्याचे गुच्छ : या क्षेत्रातील पद्धतींची कसोटी पाहण्यासाठी सोन्याचे गुच्छ वारंवार निवडले जातात. लहान धातुगुच्छ भरीव असावेत अशी अपेक्षा असते; पण सोन्याचे लहान ऋण आयन सपाट असतात. ११ अणूंपर्यंत ते सपाट असून १२ अणूंपासून त्रिमितीय मांडणी दिसू लागते, असे एफ. फुर्श इत्यादींनी २००२ मध्ये प्रयोग व गणित यांच्या आधारे दाखविले. सोन्यातील इलेक्ट्रॉनांवर होणारा सापेक्षतेचा परिणाम हे या सपाटपणाचे प्रमुख कारण मानले जाते. २० अणूंचा गुच्छ चतुष्फलकाकृती असल्याचे लाय-शेंग वांग व सहकारी यांनी २००३ मध्ये जाहीर केले. त्यात ४ अणू शिरोबिंदूंवर, १२ कडांवर व ४ फलकांच्या मध्यावर असून आत एकही अणू नसतो. १६ ते १८ अणूंचे ऋण आयन पोकळ पिंजऱ्यासारखे असतात, असे सत्य बुलुसु, वांग इत्यादींनी २००६ मध्ये दाखविले. सपाट, पोकळ, स्फटिकसदृश अशा इतक्या भिन्न रचना एकाच मूलद्रव्यात थोड्याशा अणूंच्या फरकाने आढळत असल्याने साध्या सूत्रांना येथे यश येत नाही. आर. ओउयांग, वाय. शिए व डी. जियांग यांनी २०१५ मध्ये तंत्रिका-जाल व द्रोणी-उड्डाण पद्धती यांची जोड घालून सोन्याच्या ५८ अणूंच्या गुच्छाचा शोध घेतला. इंदूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत बुलुसु व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये गोलीय प्रसंवादींवर आधारलेले वर्णन वापरून सोन्याच्या १४७ अणूंच्या गुच्छाची संरचना व गतिकी अभ्यासली.

गॅलियमाचे गुच्छ व पुण्यातील संशोधन : कण जितका लहान तितका त्याचा वितळबिंदू कमी, असे पी. पावलोव्ह यांच्या १९०९ च्या विवेचनापासून मानले जात होते. घनरूप गॅलियम सुमारे ३०३ के. तापमानास वितळतो. असे असताना एम. एफ. जॅरोल्ड व सहकारी यांना २००३ मध्ये ३९ व ४० अणूंचे गॅलियम आयन सुमारे ५५० के. तापमानास वितळताना आढळले. पुणे विद्यापीठातील एस. चाको, कविता जोशी व दिलीप कान्हेरे यांनी एस. ए. ब्लंडेल यांच्यासह २००४ मध्ये घनता-फलनक सिद्धांतावर आधारलेल्या गतिकीच्या गणिताने याचा उलगडा केला. लहान गॅलियम गुच्छांतील बंध घनरूप धातूतील बंधांपेक्षा वेगळे, सहसंयुजी स्वरूपाचे असल्याने ते तुटण्यास अधिक तापमान लागते. एकाच अणूच्या फरकाने वितळण्याचे स्वरूप का पालटते, याचे कारण गुच्छाच्या भौमितिक मांडणीतील सुव्यवस्थेत आहे, असे जोशी, कृष्णमूर्ती व कान्हेरे यांनी २००६ मध्ये दाखविले. वितळबिंदूच्या अशा गणितासाठी अनेक तापमानांस दीर्घकाळ गतिकी चालवावी लागते व पुंजयामिकीने ती फार खर्चिक ठरते. यंत्र-अध्ययनाने मिळालेली फलने अशा गणितांना विशेष उपकारक आहेत. कारण त्यांमुळे कमी खर्चात पुष्कळ दीर्घ गतिकी शक्य होते.

मर्यादा : फलनाची सरासरी त्रुटी दर अणूस काही सहस्रांश इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी असल्यास ती सामान्यतः चांगली मानतात. परंतु ती दर अणूस ५ सहस्रांश असेल व सर्व अणूंच्या बाबतीत एकाच दिशेने साठत गेली, तर ५५ अणूंच्या गुच्छात ती ०·२७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते. दोन प्रतिस्पर्धी मांडण्यांतील फरक मात्र पुष्कळदा ०·१ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षाही कमी असतो. प्रत्यक्षात त्रुटी काही अंशी परस्परांना छेदतात. तरीही मांडण्यांचा क्रम केवळ फलनावरून ठरविणे सुरक्षित नसते. म्हणून फलनाने निवडलेल्या अखेरच्या काही मांडण्यांचे गणित पुंजयामिकीने पुन्हा करण्याचा प्रघात आहे. दुसरे असे की, फलन शिक्षण-संचाच्या कक्षेतच विश्वसनीय असते. कक्षेबाहेर ते सूचना न देता चुकीचे उत्तर देऊ शकते; कधी कधी अणू एकमेकांत घुसलेली अशक्य मांडणीही त्याला सर्वोत्तम वाटते.

तिसरी मर्यादा विद्युत् भारासंबंधीची आहे. केवळ जवळच्या शेजाऱ्यांचा विचार करणाऱ्या जालास गुच्छावरील एकूण भार कळत नाही. चांदीच्या तीन अणूंचा धन आयन त्रिकोणी, तर ऋण आयन सरळ रेषेत असतो. हा भेद अशा जालास दाखविता येत नाही. टी. डब्ल्यू. को, जे. ए. फिंकलर, स्टेफान गोडेकर व बेहलर यांनी २०२१ मध्ये अणूंवरील भार संपूर्ण गुच्छाच्या समतोलातून ठरविणारे जाल तयार करून ही अडचण दूर केली. चौथी मर्यादा मूळ सिद्धांताचीच आहे. घनता-फलनक सिद्धांतात प्रत्यक्ष वापरावी लागणारी सूत्रे सन्निकट असतात व सोन्याचा गुच्छ किती अणूंपर्यंत सपाट राहील, याचे उत्तर निवडलेल्या सूत्रानुसार बदलते. शिष्य गुरूची चूकही तितक्याच निष्ठेने शिकतो. यंत्र-अध्ययनाने सिद्धांताची त्रुटी कमी होत नाही. तसेच, सर्वंकष किमान हे निरपेक्ष शून्य तापमानाच्या जवळच निर्णायक असते. तापमान वाढल्यावर एंट्रॉपीचा प्रभाव पडतो आणि ३८ अणूंच्या लेनर्ड-जोन्स गुच्छात विंशतिफलकी धाटणीच्या मांडण्या संख्येने अधिक असल्यामुळे त्या वरचढ ठरतात.

सद्यःस्थिती : अनेक मूलद्रव्यांच्या गुच्छांच्या संरचना एकत्र साठवून त्या सर्वांना उपलब्ध करून देण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका संग्रहात पन्नासहून अधिक मूलद्रव्यांच्या हजारो संरचना आहेत. प्रत्येक मूलद्रव्यासाठी स्वतंत्र फलन शिकविण्याऐवजी बहुतेक मूलद्रव्यांसाठी एकच मोठे जाल शिकवावे, असाही प्रवाह दिसतो. तथापि अशा जालांचा शिक्षण-संच बव्हंशी स्फटिकांचा असल्याने अपुऱ्या बंधांच्या पृष्ठीय अणूंबाबत त्यांची परीक्षा काळजीपूर्वक घ्यावी लागते. कृत्रिम तंत्रिका-जालांच्या पायाभूत कार्याबद्दल जॉन हॉपफील्ड व जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचा अर्धा भाग प्रथिनांच्या संरचनांचे भाकीत करण्याबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाला. प्रथिनांच्या बाबतीत प्रयोगाने निश्चित केलेल्या लक्षावधींच्या घरातील संरचना शिक्षणासाठी उपलब्ध होत्या. अणुगुच्छांच्या बाबतीत असा प्रयोगसिद्ध साठा नाही. शिक्षणासाठी बहुतांशी गणिताचाच आधार घ्यावा लागतो. त्यामुळे यंत्राने सुचविलेली मांडणी ही अंतिम उत्तर न मानता ते एक गृहीतक समजून पुंजयामिकीच्या गणिताने व शक्य तेथे प्रयोगाने तपासून पाहावे लागते. गृहीतके मोठ्या संख्येने व पूर्वग्रहाविना पुढे आणणे, हे या पद्धतीचे प्रमुख कार्य होय.